घंटेचं चित्र सापडलं

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार. बाबा, गुडघा कसाय, जिना चढताय का?

काल माळा काढला तर आई, तुझं नाशिकच्या नारोशंकर मंदिरातल्या घंटेचं चित्र सापडलं, जुन्या साडीत गुंडाळलेलं. २ ऑगस्ट २०१६ च्या पुरानंतर काढलेलं, गोदावरीतला दुतोंड्या मारुती अख्खा बुडाला होता तेव्हाचं. १७३९ च्या वसईच्या विजयाची ती घंटा, सगळे तिला दिमाखातच रंगवतात. तू खाली पायऱ्यांवरचा गाळ जास्त काढलायस आणि घंटा वर लहानशी, ओली. तू पाटी तिरकी धरून बर्न्ट सिएनाचा तांबूस रंग नुसता वाहू दिला होतास ना, बाबा म्हणत होते हाताबाहेर जाईल आणि तू थांबली नाहीस, तो ओघळ अजून जिवंत वाटतो बघ.

पण खालचा कोपरा काचेला चिकटलाय, तळहाताएवढा. कारण काच आणि कागद यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा माउंटच नव्हता. मला आठवतंय, महात्मा फुले कलादालनात नूतनीकरणाआधी आपलं घरचं प्रदर्शन लावलं, आजोबांच्या दुकानांच्या पाट्या, बाबांचे घाट, माझी पेन्सिलची कामं, आणि बाबांच्या चौदा चित्रांच्या माउंट-फ्रेममध्येच पैसे संपले. पत्रिकेतही तुझं नाव नव्हतं, शेवटच्या दिवशी भिंत रिकामी दिसली म्हणून तुझी दोन चित्रं लागली, तीही दाराजवळ. आणि आदल्या रात्री आमचे सगळ्यांचे कागद तूच ताणून टेप लावून दिले होतेस. तेव्हा मला काहीच वाटलं नाही, याचंच आता वाईट वाटतं.

आजोबांची ती एनॅमलची पाटीही मिळाली. अक्षरांखाली खडूच्या दोरीची रेघ अजून दिसते, दोरी ताणून एकदा टण्णकन सोडायचे ना ते. फ्लेक्स आल्यावर ती कामं गेली, पण त्यांचा हात बघा बाबा, ‘र’ची मान एकही डळमळत नाही.

चित्र मी ओढून काढलेलं नाही, बाबांनीच शिकवलंय तसं, काचेसकट ठेवलंय, कागद जपणाऱ्या माणसाला दाखवते. आई, त्या ओल्या दगडांत अल्ट्रामरीन निळा किती घातलेलास ते फोनवर सांग, मला जमतच नाहीये.

आणि कलादालनाचा अर्ज भरतेय, पुन्हा आपल्या सगळ्यांचं लावायचं, माउंट आधी तुझ्या चित्रांना. चित्रकारांची नावं लिहायचीत. पहिलं तुझं टाकलंय.

तुमची,
ताई