क्रोकोडाइलची आग तोफेतून येत नसे

महोदय,

रविवार पुरवणीतील आग ओकणाऱ्या रणगाड्यांवरचा लेख आवडीने वाचला. मात्र दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश ‘चर्चिल क्रोकोडाइल’ आपल्या मुख्य तोफेतून ज्वाळा फेकत असे, हे विधान चुकीचे आहे. त्याची ७५ मिलिमीटरची तोफ गोळेच डागत असे. आगीचा झोत निघे तो पुढच्या चिलखतात मशिनगनच्या जागी बसवलेल्या नळीतून. तोफेच्या नळीतून झोत सोडणारे रणगाडे अमेरिकेचे, १९४५ मध्ये ओकिनावात वापरलेले शर्मन होत. लेखकाची गल्लत बहुधा तिथेच झाली असावी.

चूक लहान दिसते, पण तिच्यामुळे या शस्त्राच्या घडणीतला खरा पेच लेखातून निसटला आहे. शेकडो लिटर ज्वालाग्राही तेल, दारूगोळा आणि माणसे एकाच लोखंडी पेटीत कशी ठेवायची, हा तो पेच. जर्मनांनी १९४३ मध्ये पँझर ३ बनावटीच्या १०० रणगाड्यांत सुमारे हजार लिटर तेल आतच भरले आणि त्यापायी मुख्य तोफेवर पाणी सोडले. ब्रिटिशांनी तोफ राखली आणि ४०० गॅलन, म्हणजे सुमारे १,८०० लिटर इंधन साडेसहा टनी चिलखती ट्रेलरमध्ये घालून रणगाड्यामागे जोडले. संकटात तो ट्रेलर आतूनच सोडून देता येई. झोत शंभरेक मीटर जाई, पण त्यामागचा दाब फार वेळ टिकत नसल्याने तो हल्ल्याच्या अगदी आधी चढवावा लागे. माझी सारी नोकरी माहुलच्या तेलशुद्धीकरणात गेली असल्याने, हा दाब साध्या हवेचा नसून नायट्रोजनचा होता, हे वाचल्यावर त्या अभियंत्यांविषयी आदर वाटतो. ज्वलनाला साथ न देणारा वायू तेलावर ठेवणे हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले जाई.

हे रणगाडे ज्या ७९ व्या चिलखती डिव्हिजनमध्ये होते, तिचे प्रमुख मेजर जनरल पर्सी होबार्ट यांचा जन्म नैनितालचा, हेही आपल्या वाचकांना सांगायला हरकत नव्हती.

लेखासोबतचे क्रोकोडाइलचे छायाचित्र मागच्या बाजूने कापलेले असून त्यात ट्रेलर दिसतच नाही. दुरुस्ती छापताना ते पूर्ण छापावे, ही विनंती.

— एक निवृत्त अभियंता, चेंबूर, मुंबई