क्लीव्हलँडच्या पराभवांचा दोष नशिबाला देऊ नका

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या क्रीडा पानावर अमेरिकेतल्या बेसबॉलवर लेख वाचून फार आनंद झाला. मराठी वर्तमानपत्रात हा खेळ क्वचितच दिसतो. पण त्या लेखात क्लीव्हलँड गार्डियन्सची ‘पनवती लागलेला संघ’ म्हणून एका ओळीत बोळवण केली आहे, ती मला मुळीच पटली नाही. मी ठाण्यातल्या एका शाळेत मुलींना सॉफ्टबॉल शिकवला. निवृत्तीनंतर या संघाचे सामने मोबाइलवर बघते. तिकडे संध्याकाळी खेळ सुरू होतो, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे चार वाजलेले असतात.

1948 नंतर क्लीव्हलँडने वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका, जिंकलेली नाही, हे खरे. आज दुसऱ्या कुठल्याही संघाची विजेतेपदाची प्रतीक्षा एवढी लांबलेली नाही. पण हरण्याला कारणे होती, आणि ती मैदानावरच सापडतात.

1954 चेच बघा. 154 पैकी 111 सामने जिंकून हा संघ अंतिम मालिकेत पोहोचला आणि न्यूयॉर्क जायंट्सने त्याला चारही सामन्यांत हरवले. पहिला सामना पोलो ग्राउंड्सवर होता. त्या मैदानाचे कुंपण मधल्या दिशेला प्रचंड लांब आणि दोन्ही कडांना अगदी जवळ. आठव्या डावात (डाव नऊ असतात, बरोबरी झाली तरच पुढे) क्लीव्हलँडच्या व्हिक वर्ट्झने चेंडू मधल्या दिशेला चारशे फुटांपलीकडे मारला, पण जायंट्सच्या विली मेजने पाठमोरे धावत जाऊन तो झेलला. दहाव्या डावात जायंट्सच्या डस्टी ऱ्होड्सने उजव्या रेषेलगत चेंडू नुसता उंच उडवला. तिथे कुंपण जेमतेम 258 फुटांवर होते. चेंडू कुंपणापार गेला म्हणून तो होमरन ठरला, तीन धावा आल्या, सामना संपला. वर्ट्झचा फटका इतर बहुतेक मैदानांवर बाहेर गेला असता. यात पनवती कुठे आली?

2016 च्या अंतिम मालिकेत शिकागो कब्जविरुद्ध 3-1 अशी आघाडी होती. मात्र संघाच्या पिचरांपैकी (चेंडू फेकणाऱ्यांपैकी) कार्लोस करास्को जायबंदी होता आणि डॅनी सालाझार नुकताच दुखापतीतून उठला होता. त्यामुळे कोरी क्लुबरला एकाच मालिकेत तिसऱ्यांदा, पुरेशी विश्रांती नसताना, उतरवावे लागले. सातव्या, निर्णायक सामन्यात त्याला एकही बॅटर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) करता आला नाही. थकलेला हात दुसरे काय करणार? तरीही आठव्या डावात राजाई डेव्हिसने होमरन मारून 6-6 अशी बरोबरी साधली. दहाव्या डावात 8-7 ने हार झाली. त्या होमरनची चित्रफीत मी आजही बघते.

जिंकलेली दोन वर्षे तर लेखात आलीच नाहीत. 1920 च्या ऑगस्टमध्ये या संघाचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) रे चॅपमन डोक्याला चेंडू लागून मरण पावला. त्या काळी हेल्मेट नव्हती. तो धक्का पचवून संघाने त्याच वर्षी पहिले विजेतेपद मिळवले. हेल्मेट घालायला कंटाळा करणाऱ्या मुलींना मी चॅपमनची हकिगत सांगत असे. 1948 च्या संघात लॅरी डोबी होता, अमेरिकन लीगमधला (मोठ्या लीगच्या दोन विभागांपैकी एक) पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. चाळिशी ओलांडलेला सॅचेल पेजही त्याच वर्षी संघात आला. वर्णभेदामुळे त्याची उमेदीची वर्षे मोठ्या लीगबाहेरच गेली होती.

आता पुढचे. माझी आशा होजे रामिरेझवर आहे. त्याने 2022 मध्ये दुसरीकडे मिळाले असते त्याहून कमी पैशांत क्लीव्हलँडशी दीर्घ करार केला. तो दुसरा बेस ओलांडून तिसऱ्याकडे वळतो तेव्हा हेल्मेट डोक्यावरून उडून जाते, पण पाय थांबत नाहीत. 2024 मध्ये त्याने 39 होमरन मारले आणि 41 बेस चोरले, म्हणजे फटक्याची वाट न बघता धावत पुढचा बेस गाठला. वर्तकनगरच्या मैदानावर मी मुलींना हेच सांगत आले की, नुसती ताकद असून भागत नाही, पिचरची नजर हलली की धाव घेता आली पाहिजे.

2025 मध्ये त्याच गटातले डेट्रॉइट टायगर्स जुलैत गुणतक्त्यात क्लीव्हलँडच्या साडेपंधरा सामन्यांनी पुढे होते. क्लीव्हलँडने ते अंतर कापून गटविजेतेपद घेतले आणि मग प्ले-ऑफच्या, म्हणजे गटसामन्यांनंतरच्या बाद फेऱ्यांच्या, पहिल्याच फेरीत त्याच टायगर्सकडून 2-1 ने हरले. मला फार वाईट वाटले. पण जो संघ श्रीमंत संघांसारखी खेळाडूंची खरेदी करू शकत नाही, घरचे पिचर घडवतो आणि पुन्हा पुन्हा प्ले-ऑफपर्यंत येतो, तो एक ना एक दिवस जिंकेल, असा माझा ठाम विश्वास आहे. तेवढ्यासाठी त्याला एकाच ऑक्टोबरात तीन पिचर धडधाकट हवेत आणि रामिरेझच्या मागे आणखी एक भरवशाचा बॅटर हवा.

आपणास एक विनंती. ऑक्टोबरमध्ये प्ले-ऑफ सुरू झाले की रोजचे निकाल दोन ओळींत तरी छापावेत. आपल्या जिल्ह्यात सॉफ्टबॉल आणि बेसबॉल खेळणाऱ्या मुलामुलींना ते शाळेच्या वाचनालयात वाचायला मिळतील.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका,
वर्तकनगर, ठाणे (पश्चिम)