सही करण्याआधी

लेस्टर,
रविवार, संध्याकाळ

तीर्थरूप आप्पा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

आप्पा, परवा फोनवर तुम्ही विचारलं, "असेसर म्हणजे नक्की काय, मास्तर का परीक्षक?" मी सांगायला लागले आणि तेवढ्यात एका खोलीतली बेल वाजली, फोन ठेवावा लागला. उत्तर डोक्यात घोळत राहिलं. फोनवर मावणारं नाही, म्हणून आज सुट्टीच्या दिवशी लिहायलाच बसले.

आई, आधी तुला सांगते. जेवण वेळेवर होतं, खोली गरम असते, खोकला गेला. तू दिलेली शेंगदाण्याची चटणी अजून अर्धा डबा आहे, पुरवून खातेय. तुझ्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते मला फोनवर नीट सांग, "बरं आहे" एवढंच नको.

आता आप्पांचं. इथे आमच्यासारखं केअर होममधलं, म्हणजे वृद्धांची काळजी घेणाऱ्या निवासातलं काम असो, प्लंबिंग असो, वीजकाम असो की केस कापणं, त्याची पात्रता नुसता पेपर लिहून मिळत नाही. माणूस नोकरीवर असतानाच, त्याच्या रोजच्या जागी, कोणीतरी येऊन त्याचं काम पाहतं. १९८० च्या दशकात एनव्हीक्यू, म्हणजे कामातल्या कौशल्याची राष्ट्रीय पात्रता, सुरू झाली तेव्हापासूनची ही रीत. पाहणारा तो असेसर. त्याच्याकडे मार्क नसतात. काम येतं, नाहीतर अजून येत नाही, असे दोनच निकाल.

असेसर व्हायचं तर आपल्यालाही पात्रता घ्यावी लागते. तिचं नाव लांबलचक आहे, सगळे नुसतं 'काव्हा' म्हणतात. मी सध्या तीच करतेय. पूर्वी तिला डी ३२, डी ३३ म्हणायचे, मग ए १ झालं. मला शिकवणाऱ्या बाई डी ३२ च्या काळातल्या. तीन भाग आहेत: मूल्यमापनाची तत्त्वं, कामाच्या जागी काम तपासणं, आणि वर्गात किंवा कार्यशाळेत कौशल्य आणि ज्ञान तपासणं. दुसऱ्या भागासाठी दोन शिकाऊ माणसं हवीत आणि प्रत्येकाला किमान दोनदा तपासायचं. मी ते करत असताना माझ्या बाई मलाच तपासतात. शिवाय माझा निकाल एकटीच्या सहीवर चालत नाही, पात्र असेसरची सही खाली लागते. मग आमच्यातले कागद वरचे लोक अधूनमधून काढून पाहतात, आणि त्या वरच्यांना पाहायला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा माणूस येतो.

हे मला का करायचं होतं, ते तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. इथे आले तेव्हा मीही केअरच्या कामाची लेव्हल टू पात्रता घेतली. मला तपासायला येणारी व्यक्ती ऑफिसात बसून चहा घ्यायची, "हे येतं ना? ते येतं ना?" विचारायची आणि सही करायची. माझं काम तिने एकदाही पाहिलं नाही. प्रमाणपत्र हातात पडलं त्या दिवशी मला आनंद झालाच नाही. खरंच येतं का मला, हे कोणी सांगितलंच नव्हतं.

आणि मला तुमचं आयटीआय आठवलं. शाळा सुटली की मी फिटर सेक्शनच्या दारात उभी राहायची. मुलाने कानशीने घासून आणलेला जॉब तुम्ही हातात घ्यायचा, दोन्ही तुकडे एकमेकांत बसवायचा आणि खिडकीकडे धरायचा. फटीतून उजेड आला की मुलाचा चेहरा उतरायचा. मग बारीक माप घ्यायला व्हर्नियर. बोलण्यावर तुम्ही कधीच पास केलं नाही कुणाला.

पहिल्यांदा मी एका मुलीचं काम पाहिलं तेव्हा दोन चुका केल्या. अहवालात लिहिलं, "खूप छान केलं." बाईंनी तो परत केला. छान म्हणजे काय? हात कधी धुतले, आजींना काय विचारलं, त्या काय म्हणाल्या, ते लिही. कागद वाचून तिसऱ्या माणसानेही तोच निकाल दिला पाहिजे. दुसरी चूक मला जास्त लागली. मुलगी एका ठिकाणी अडली, माझ्याकडे बघितलं, आणि मी नकळत मान हलवली. बाईंनी नंतर शांतपणे विचारलं, "ते तिला येत होतं, का तुला?" रात्रभर तो प्रश्न गेला नाही. हात मागे ठेवून बघत राहणं किती कठीण असतं, ते तुम्हीच जाणता.

सगळंच बघायचं असंही नाही. अंघोळ घालताना, कपडे बदलताना आम्ही खोलीत जाऊन उभे राहत नाही. तिथे त्या माणसाची लाज मोठी, शिकणाऱ्याचं प्रमाणपत्र नाही. अशा कामासाठी रोज सोबत असणाऱ्या अनुभवी सीनियरची लेखी साक्ष घेतात. हा नियम वाचला तेव्हा फार बरं वाटलं.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र. माझी दुसरी शिकाऊ मुलगी नायजेरियाहून आलेली, माझ्याच शिफ्टला असते. हाताला गुण आहे तिच्या. चिडलेले आजोबा तिच्या आवाजाने शांत होतात. गेल्या मंगळवारी तिचं दुसरं निरीक्षण होतं: चहा देणं.

तुम्हाला वाटेल चहात काय तपासायचं. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांना पातळ चहा घशाऐवजी फुफ्फुसात जाऊ शकतो, न्यूमोनिया होतो. म्हणून त्यात पावडर घालून तो दाट करतात. किती दाट, ते स्पीच थेरपिस्ट, म्हणजे बोलण्या-गिळण्याचा त्रास तपासणारी, ठरवते. दाटपणाच्या लेव्हल आहेत. प्रशिक्षणात आम्ही ते १० मिलीच्या सिरिंजने मोजून बघितलं. खालच्या तोंडावर बोट धरून सिरिंज भरायची, बोट सोडायचं, १० सेकंद मोजायचे, पुन्हा बोट लावायचं. ४ ते ८ मिली आत उरलं तर लेव्हल टू. त्याहून कमी, १ ते ४ उरलं, तर लेव्हल वन. आप्पा, मला तेव्हा तुमचा व्हर्नियरच दिसला.

त्या मुलीने हात धुतले, आजींना नीट सरळ बसवलं, नाव घेऊन बोलली, पावडर डब्यावर लिहिल्याप्रमाणे मोजून घातली, ढवळली, थांबली. सगळं बरोबर, पण लेव्हल वनचं. आजींची लेव्हल आदल्या दिवशीच टू झाली होती आणि केअर प्लॅनमध्ये, म्हणजे त्यांची काळजी कशी घ्यायची त्या नोंदीत, तसं लिहिलं होतं. तिने प्लॅन उघडलाच नाही. रोजचं काम, म्हणून आठवणीवर केलं. कप आजींच्या ओठांकडे निघाला तेव्हा मी "थांब" म्हटलं. धोका असेल तर थांबवायचंच असतं, तिथे बघत राहायचं नाही.

निकाल मी "अजून नाही" असा लिहिला. ती रडली. म्हणाली, "तू मला रोज बघतेस, मला येतं हे तुला माहीत आहे." तेच अवघड आहे. मला माहीत आहे. पण मी जे पाहिलं त्यावरच सही करायची. तिच्याशी बोलताना मी आधी जमलेलं सगळं सांगितलं, मग प्लॅन समोर ठेवला आणि पुढची तारीख दोघींनी मिळून ठरवली, येत्या गुरुवारची. बाईंनी माझा निकाल वाचला, खाली सही केली, एक शब्दही बदलला नाही. तरी त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती प्रत्येक खोलीत आधी प्लॅन उघडते, मी सांगितलेलं नाही. माझ्याशी मात्र कामापुरतंच बोलते.

आप्पा, तुम्ही जॉब परत द्यायचा तेव्हा मुलाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच काहीतरी बोलायचा. मी दारात असायची, मशीनच्या आवाजात मला ते कधी ऐकू आलं नाही. ती मुलं मात्र तो तुकडा घेऊन पुन्हा व्हाइसकडे जायची, रुसून घरी नाही जायची. काय म्हणायचा तुम्ही? गुरुवारच्या आधी फोन करून सांगा. इथल्या दुपारी दोननंतर मी मोकळी असते.

तुमची,
धाकटी