फवारणी मजुराचा सातबारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या भादव्यात माझे पती दुसऱ्याच्या कपाशीवर फवारताना विष लागून गेले. पेट्रोलवरचा पंप, पंपामागे तीस रुपये. पाणी मीच आणून देत होते. कपाशी छातीच्या वर आलेली, वारं तोंडावर, रुमाल घामानं चिंब. दोन औषधं एकात कालवलेली. विषाला आपल्याकडं औषधच म्हणतात.

दुपारी म्हणाले, समोरचं अंधुक दिसायलंय. सांजेला तोंडातून लाळ, अंगाला दरदरून घाम, डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी. डॉक्टरांनी विचारलं, औषध कोणतं? आम्हाला नाव कुठं ठाऊक! दीर रात्री परत शेतात गेला आणि बॅटरीच्या उजेडात बांधावरचा डबा हुडकून आणला. त्यावर लाल त्रिकोण होता, म्हणजे सगळ्यात जहाल विषाची खूण. ॲट्रोपिनची इंजेक्शनं चालली, पण चौथ्या दिवशी पहाटे गेले.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं शेतकऱ्यांसाठी अपघात अनुदान योजना आहे. फवारणीची विषबाधा तीत बसते, मृत्यू झाला तर दोन लाख. कागदं घेऊन मी कचेरीत गेले, तर पहिला सवाल सातबाऱ्याचा. आमच्या नावावर गुंठाही नाही. योजना खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एकाला. पण खातेदार स्वतः फवारत असते तर आम्हाला बोलावलं कशाला असतं?

वकील म्हणाले, मजुरांच्या भरपाईचा कायदा आहे, यंत्रावर शेतकाम करणारा मजूर त्यात येतो, पेट्रोलचा पंपही यंत्रच, मालकावर दावा लावून बघू. मालकाकडं साडेतीन एकर कोरडवाहू. दवाखान्याच्या गाडीचं भाडं त्यांनीच भरलं, तेराव्याला ज्वारीचं पोतं त्यांच्याच घरून आलं. त्यांना कोर्टात कोणत्या तोंडानं ओढू? डबा विकून मोकळे झाले त्यांना मात्र कोणी काही विचारलं नाही.

२०१७ साली यवतमाळमध्ये फवारणीनं वीसच्या वर माणसं गेली, तेव्हा सरकारनं चौकशी पथक नेमलं. एकटादुकटा गेला की नुसता पंचनामा. माझं मागणं एवढंच, की फवारणीत मेलेल्या मजुराला या योजनेत सातबाऱ्याशिवाय घ्या. कोणाच्या शेतात फवारत होता ते सरपंच, पोलीस पाटील लिहून देतील, गावाला सगळं ठाऊक असतं.

पोळा जवळ आला. दीर परवाच पंपाचं नोझल बदलून आला.

एक शेतमजूर महिला,
जि. परभणी