विद्यार्थ्यांच्या खेळ-रचनांना शहरात जागा मिळावी : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : डिझाइनच्या विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या खेळ-रचना सार्वजनिक उद्यानांत उभारता याव्यात यासाठी तरतूद करण्याबाबत.

माननीय महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी नवी मुंबईतील एका डिझाइन महाविद्यालयात शिकवते. आपल्या परिसरातील निसर्ग, तिथल्या लोकांची परंपरा आणि मुलांचा खेळ या तिन्हींना जोडणारी एखादी वस्तू किंवा जागा रचा, असा एक विषय आम्ही विद्यार्थ्यांना देत असतो. त्यातून जे तयार होते ते खरोखर पाहण्यासारखे असते. पण ज्युरी, म्हणजे परीक्षकांसमोरचे सादरीकरण, आटोपली की ती मॉडेल्स कपाटाच्या माथ्यावर जातात आणि पुढच्या सत्रात भंगारात निघतात. शहरातील बागांत मात्र तीच लाल-पिवळी प्लास्टिकची घसरगुंडी, तेच झोपाळे आणि खाली तेच रबरी आच्छादन बसवले जाते, मग ती बाग खाडीकाठी असो वा पारसिकच्या उतारावर. हे चित्र आपल्या खात्याच्या एका निर्णयाने बदलू शकते, असे मला मनापासून वाटते.

मी कशाविषयी बोलते आहे हे स्पष्ट व्हावे म्हणून एका रचनेबद्दल सविस्तर लिहिते. आमचा एक विद्यार्थी दिवाळे कोळीवाड्यात जाऊन ज्येष्ठ मच्छीमारांशी बोलत असे. भरतीची वेळ ते घड्याळाआधी तिथीवरून सांगतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ हाती येते. म्हणजे अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते आणि अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी फारसे चढतही नाही आणि फारसे उतरतही नाही. या विद्यार्थ्याने त्यावरून लंगडीचा पट आखला. प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत 15 घरे, प्रत्येक घर म्हणजे शहाबादी फरशीचा एक तुकडा. दोन्ही टोकांची घरे एकमेकांपासून लांब, तर मधली अष्टमीजवळची घरे अगदी जवळजवळ, त्यामुळे टोकाला मोठी उडी घ्यावी लागते आणि मध्ये पाऊल आखूड टाकावे लागते. ज्या घरात मूल थांबेल त्या घराची पाऊणकी, म्हणजे त्या आकड्याची पाऊणपट, त्याने मोठ्याने म्हणायची. महाविद्यालयाच्या आवारात खडूने हा पट आखून शेजारच्या वस्तीतील मुलांना खेळायला बोलावले, तेव्हा थोड्याच वेळात ती मुले ‘बाराची नऊ’ असे ओरडत उड्या मारू लागली. पाऊणकी पाठ करून घेण्यासाठी एके काळी शाळांत किती कष्ट घ्यावे लागत, हे आपल्यापैकी अनेकांच्या घरातील वडीलधारे सांगतील. या पटाला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही, आणि एखादी फरशी फुटली तर कोणताही गवंडी ती बदलू शकतो.

दुसरी रचना ठाणे खाडीतील फ्लेमिंगोंवरची होती. या खाडीला 2015 साली अभयारण्याचा आणि 2022 साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, तरी शहरातील मुले फ्लेमिंगो पाहतात ते बहुतेक भिंतींवरील चित्रांत आणि चौकांतील पुतळ्यांत. हा पक्षी डोके उलटे करून चोचीने पाणी आणि चिखल गाळतो, ही त्याची सर्वांत नवलाची गोष्ट पुतळ्यातून कळत नाही. एका विद्यार्थिनीने वाळू आणि मोहरी मिसळलेला उथळ हौद केला आणि कमरेत वाकून फिरवायची एक चाळण बनवली. वाळू खाली गळते, मोहरी चाळणीत राहते. तिसरीतल्या एका मुलीने वाकल्या-वाकल्याच विचारले, “मग त्यांच्या नाकात पाणी जात नाही का?” त्या प्रश्नामुळे आमच्या विद्यार्थिनीने चोचीचा अभ्यास पुन्हा पहिल्यापासून केला. आणखी एका गटाने सूरपारंब्यांसाठी, म्हणजे झाडावर चढून खेळायच्या खेळासाठी, वडाच्या रोपाभोवती बांबू आणि काथ्याच्या दोरांचा मांडव आखला आहे, जो वड चढण्याजोगा होईपर्यंत मुलांना चढायला मिळावा आणि नंतर उतरवून टाकावा.

यांतील एक आराखडा घेऊन आम्ही एका नागरी संस्थेच्या उद्यान विभागात गेलो होतो. तेथील अभियंत्यांनी तो आस्थेने पाहिला, दोन चांगल्या सुधारणाही सुचवल्या, आणि शेवटी म्हणाले की ही बाब दरसूचीत, म्हणजे सरकारी कामांच्या ठरलेल्या दरांच्या यादीत, नाही, तर अंदाजपत्रक कशाच्या आधारे करू? त्यांचा प्रश्न रास्त होता. खेळणी कंपनीच्या कॅटलॉगमधून निवडली की दर, हमी आणि जबाबदारी सारे एका कागदावर येते. विद्यार्थ्याच्या आराखड्याला असा कागद नसतो, आणि नियमाबाहेर जाऊन सही करण्याची अपेक्षा कोणत्याही अधिकाऱ्याकडून ठेवणे योग्य नाही. अडचण तेथील माणसांची नाही, त्यांना दिलेल्या चौकटीची आहे.

सुरक्षिततेचा प्रश्न मी टाळणार नाही, कारण तो सर्वांत महत्त्वाचा आहे. 9 ते 23 सेंटीमीटर रुंदीच्या फटीत मुलाचे शरीर शिरू शकते पण डोके अडकू शकते, म्हणून उंचावर अशी फट ठेवायची नाही, हा युरोपीय मानकातील नियम आमचे विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात शिकतात. पडण्याच्या उंचीनुसार खाली किती वाळू हवी हेही त्यांना काढता येते. तरीही अंतिम तपासणी परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच करावी आणि त्याच्या सहीशिवाय एकही दोर बांधला जाऊ नये, असा माझा आग्रह आहे.

असे काम शासकीय यंत्रणेतून होऊ शकते याचा दाखला अ‍ॅमस्टरडॅममध्ये आहे. 1947 साली तेथील महापालिकेच्या सेवेत असलेल्या आल्डो व्हान आइक या तरुण वास्तुविशारदाने एका चौकात वाळूचा हौद आणि कोलांट्या मारायला लोखंडी दांड्या अशी साधी क्रीडाजागा उभारली. ती पाहून रहिवासी आपल्याही गल्लीसाठी महापालिकेला पत्रे लिहू लागले आणि पुढील तीन दशकांत अशा 700 हून अधिक जागा झाल्या. नवी मुंबईला तर हा विचार परका नसावा. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी संस्थेचे पहिले मुख्य वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी पुढे बेलापूरच्या वसाहतीत सात-सात घरे एका अंगणाभोवती मांडली, तेव्हा मुलांना खेळायला सुरक्षित जागा हवी हा विचार घरांच्या मांडणीतच आला होता.

म्हणून माझी विनंती अशी आहे की, महानगरपालिकांनी उद्यानांच्या खेळणी-खरेदीतील एक लहान हिस्सा विद्यार्थी-रचनांसाठी राखून ठेवावा आणि त्यासाठी दरसूचीबाहेरील बाबींचे दर प्रत्यक्ष साहित्य व मजुरीवरून ठरवण्याची मुभा द्यावी, असे निर्देश आपल्या खात्याने द्यावेत. बांधकाम स्थानिक गवंडी, सुतार आणि बांबूकाम करणाऱ्या कारागिरांकडून व्हावे. विद्यार्थ्यांना मानधन मिळावे. प्रमाणपत्रावर त्यांची बोळवण होऊ नये. देखभालीची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात असावी, कारण काथ्या पावसात कुजतो आणि बांबू काही वर्षांनी बदलावा लागतो, हे आधीच मान्य केलेले बरे.

सुरुवात नवी मुंबईतील एका छोट्या बागेपासून करता येईल. लंगडीच्या पटाचा आणि वडाच्या मांडवाचा मोजमापांसह आराखडा तयार आहे. आपल्या कार्यालयाने वेळ दिल्यास विद्यार्थी स्वतः येऊन तो दाखवतील. निर्णय पावसाळ्यापूर्वी झाला तर जागेची पाहणी पावसातच करता येईल. पाणी कुठे साचते हे तेव्हाच दिसते, आणि वाळूचा हौद कुठे खोदायचा नाही ते त्यावरूनच ठरेल.

आपली विश्वासू,
डिझाइन विषयाची एक शिक्षिका,
नेरूळ, नवी मुंबई