व्हर्च्युअल मशीनच्या उपकरणांना नावे द्या

मा. संपादक,

तालुक्याच्या ठिकाणच्या ज्या बाजार समित्या, पतसंस्था आणि जिनिंग एकाच लिनक्स सर्व्हरवर केव्हीएम (लिनक्समधलीच सोय) वापरून दोन-तीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका संगणकात चालणारे वेगवेगळे आभासी संगणक, चालवतात, त्यांच्यासाठी हे पत्र. देखभालीचे कंत्राट बदलले की नवा माणूस बहुधा नागपूर-अमरावतीहून फोनवरच सांगतो, 'नेट१ काढा.' हा नेट१ म्हणजे नेमके कोणते कार्ड?

ही मशीन सांभाळणारे सॉफ्टवेअर, लिबव्हर्ट, ही नावे मशीन सुरू होताना स्वतःच देते आणि कायमच्या कॉन्फिगरेशनमध्ये ठेवत नाही. नेटवर्क कार्डे आणि यूएसबी उपकरणे यांना क्रमाने नंबर मिळतात. पहिले कार्ड कायमचे काढले, रात्री लाइन गेली, इन्व्हर्टरही बसला, की सकाळी कालचा नेट१ नेट० होऊन बसतो.

यावर सोय आहे. लिबव्हर्ट ३.९.० पासून, म्हणजे २०१७ पासून, प्रत्येक उपकरणाला आपण ठरवलेले नाव देता येते. लिबव्हर्टच्या 'व्हर्श एडिट' (virsh edit) कमांडने मशीनची कॉन्फिगरेशन फाइल उघडावी, उपकरणाच्या टॅगच्या आत 'एलियास' (alias) टॅग टाकावा आणि त्यात 'ua-kata-lan' असे नाव रोमन लिपीत लिहावे. सुरुवातीला 'ua-' हवेच. बाकी फक्त रोमन अक्षरे, अंक, आडवी रेघ आणि अंडरस्कोअर. एका मशीनमध्ये तेच नाव दोनदा आले तर चूक दाखवली जाते. पण 'ua-' विसरले, तर कसलीही तक्रार न करता नाव गाळले जाते. लोक नेमके इथेच फसतात. म्हणून सेव्ह केल्यावर 'डम्पएक्सएमएल' (virsh dumpxml) कमांडने नाव टिकले का ते पाहावे. मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे. आतून रीस्टार्ट केल्याने बदल लागू होत नाही. त्यानंतर 'डिटॅच-डिव्हाइस-एलियास' (virsh detach-device-alias) कमांडला हेच नाव देऊन नेमके तेवढेच उपकरण काढता येते.

डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनांचे मात्र वेगळे आहे. सभापती आणि सचिव यांची टोकन एकाच मॉडेलची असली तर दोघांचे व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांक सारखेच येतात, आणि कोणते घ्यायचे हे न कळल्याने लिबव्हर्ट मशीन सुरूच करत नाही. नुसते नाव देऊन हे सुटत नाही. बस आणि डिव्हाइस क्रमांक लिहावा लागतो, आणि टोकन उपसून परत लावले की डिव्हाइस क्रमांक बदलतो. टोकन उगाच उपसू नये, एवढे तरी कर्मचाऱ्यांना बजावून ठेवावे.

'एलियास'ने दिलेले नाव व्हर्च्युअल मशीनच्या आत दिसत नाही. बॅकअपची डिस्क आतून ओळखायची तर वेगळा 'सीरियल' (serial) टॅग लागतो; व्हर्टआयओ (व्हर्च्युअल मशीनसाठीच्या virtio प्रकारच्या) डिस्कला त्यात २० अक्षरे बसतात.

पुढच्या देखभाल निविदेत एक अट घालावी: प्रत्येक उपकरणाला नाव, आणि त्या नावांची छापील यादी सचिवांच्या दप्तरी. खर्च काहीच नाही, एका दुपारचे काम आहे.

— संगणक देखभालीचे काम करणारे काही तंत्रज्ञ, दारव्हा (जि. यवतमाळ)