दत्त्यास, नेग्रारहून

नेग्रार, १८ नोव्हेंबर

दत्त्या लेका,

दिवाळीला फोन नाही म्हणून शिव्या घातल्या असशील. घाल. तब्येत बरी आहे. पत्राचं कारण वेगळंच: इथं धुकं हलायचं नाव घेत नाही आणि माळ्यावर द्राक्षं सुकत घातलीत. माझ्या पोटातला गोळा तुझ्याशिवाय कुणाला कळणार?

इटलीतल्या व्हेरोनाच्या वरच्या अंगाला हा वाल्पोलिचेल्लाचा डोंगराळ मुलूख. इथली आमारोने ही लाल वाइन सुकवलेल्या द्राक्षांचीच करतात. कोर्विना, कोर्विनोने, रोंदिनेल्ला या काळ्या जाती. विरळ मण्यांचे घड निवडून तोडायचे, क्रेटमध्ये एकाच थरात मांडायचे आणि ३-४ महिने वाट बघायची! तुझ्या शेडवर पंधरवड्यात बेदाणा होतो, कारण सालीतून पाणी लवकर निघावं म्हणून तू डिपिंग ऑइल आणि कार्बोनेटच्या द्रावणात माल बुडवतोस. आमच्याकडे बुडवणं नाही, गंधकाची धुरी नाही. (गंधकावरून आपलं बोलणं बंद होतं, आठवतंय? तुझ्या मालाला रंग यायचा, तरी बरोबर मीच होतो.)

वजन तिसऱ्या हिश्शानं तरी उतरतं, साखर दाटते. मग ऐन गारठ्यात चेचून आंबवायची. एवढ्या साखरेत यीस्ट मेटाकुटीला येतं, महिनाभर सहज जातो. साखर जवळजवळ सगळी संपली की आमारोने, अल्कोहोल १५-१६ टक्के. आधीच थांबवलं तर गोड रेचोतो. पुढं किमान २ वर्षं मुरवायची. चोथाही वाया जात नाही, त्यावर साधी वाइन पुन्हा आंबवून रिपास्सो करतात.

पण बुरशीनं सोडलं तर ना! काल खालच्या क्रेटमध्ये करडी लव दिसली. मालकीणबाई म्हणतात खिडक्या उघड्या ठेवा, त्यांचा मुलगा म्हणतो बंद करून पंखे लावा. उष्णता देऊन ओल काढायला नियमानं बंदी आहे. मला मुलाचं पटतं, पण म्हातारीला सांगणार कोण? तिच्यापुढं तुझी आजी मवाळ. रात्री टॉर्च घेऊन नासके मणी वेचत बसतो. बायको म्हणते, "हेच करायचं होतं तर तासगाव काय वाईट होतं?"

अवकाळीच्या त्या रात्री ताडपत्री आधी कुणी सोडली, तो वाद राहू दे. एवढंच सांग: हवा दमट असली की तू शेडचे पडदे पाडतोस की वर ठेवतोस? आणि पंखा कुठल्या तोंडाला लावतोस?

धाकटीचं लग्न ठरलं म्हणे, अभिनंदन, तारीख कळव. काकांचा गुडघा कसा आहे? वहिनींना नमस्कार. उत्तर व्हॉट्सॲपवरच दे, पोस्टाच्या भरवशावर राहिलो तर माल जाईल.

तुझा,
बाळ्या